सारवणापुढे कुणाचं नाव

प्रेमलाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टीलच्या वाटीतली माती हुंगत होत्या. वाट्या सहा होत्या. आमच्या दत्तप्रसाद सरांनी त्या टेबलावर अशा मांडल्या होत्या, की नवख्या माणसाला वाटावं, आता मधोमध भात येणार. एकीत लाल माती, एकीत पांढरी, एकीत चाळलेला मुरूम, एकीत भिजवलेला चुना, एकीत विटांचा चुरा आणि शेवटच्या वाटीत भाताचा भुसा. घराला कुठलं साहित्य वापरायचं, ते ठरवण्याची बैठक होती ती.

काकूंनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "हिला वास न्हाई. कुठनं आनली?"

सर म्हणाले, मुद्दाम मुळशी धरणापलीकडून मागवली आहे, फार सुंदर पोत आहे.

"मग धरनापल्याडच घर बांधा," काकू म्हणाल्या आणि चहाचा कप पुढे ओढला.

सर हसले. गिऱ्हाइकाची आई काय बोलली यावर हसायचं की रुसायचं, हे फी ठरल्यानंतर ठरतं. फी ठरायची होती.

मातीच्या घरांचे आर्किटेक्ट म्हणून सरांचं मोठं नाव आहे. ऑफिस नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आणि एसीसकट. स्वतः राहतात ते अकराव्या मजल्यावर. तिथे मातीचा संबंध कुंडीपुरता. मी त्यांच्याकडे साइटवर देखरेख करतो. माझं शिक्षण दारव्ह्याच्या शाळेत आणि पुढे यवतमाळला डिप्लोमा. मुलाखतीत सरांनी मार्कांची चौकशी केली नाही. गावी घर कसलं आहे एवढंच विचारलं. मी मातीचं म्हटलं, आणि सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घराण्यातला गवई आहे. नोकरी तिथेच पक्की झाली. घर मातीचं होतं हे खरंच आहे. त्याला हात लावायची ती माझी आई, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काकूंचा मुलगा पृथ्वीराज. वय बेचाळीस, हिंजवडीच्या कंपन्यांना बसगाड्या पुरवतो. त्याच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'शेतकरी' असं लिहिलंय. शेत जाऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली. काच अजून शेतकरी आहे. त्याची बायको शेफाली कोथरूडची, घर सजवण्याचा कोर्स केलेली. तिला मातीचं प्रेम जडलं ते लग्नानंतर नऊ वर्षांनी, केरळातल्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहिल्यावर. तिथे म्हणे भिंतीला हात लावला की शांत वाटायचं. भिंतीला हात लावून शांत वाटायला त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं काय होतं, ते तिने सांगितलं नाही.

हे सगळे राहत होते ते हिंजवडीच्या पलीकडे, शेवटच्या आयटी पार्कच्या कुंपणाला लागून असलेल्या गावात. गाव म्हणजे आता काय, चार मजली इमारती आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून वाळणारे पोरांचे टॉवेल. यांचीही तशीच इमारत होती. पहिल्या मजल्यावर कुटुंब, वरच्या तिन्ही मजल्यांवर आयटीतली पोरं. पृथ्वीराजने अख्खी इमारत एका हॉस्टेलवाल्याला चालवायला द्यायचं ठरवलं होतं, आणि स्वतःसाठी उरलेल्या अकरा गुंठ्यांवर मातीचं घर. म्हणजे इमारतीतून निघायचं तर काकूंनाही निघायचंच होतं. त्या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर नाव मात्र काकूंचं. ती काकूंच्या मालकांची, मच्छिंद्ररावांची करणी. हयातभर त्यांनी लोक सांगतील तिथे सही करून जमीन घालवली. शेवटी त्यांचा स्वतःच्या सहीवरच विश्वास उरला नाही, म्हणून शेवटचा तुकडा बायकोच्या नावे करून ते सुटले. वारले त्याला आता सात वर्षं झाली.

काकू सोळाव्या वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. तेव्हाचं घर तीन खणांचं, पांढऱ्या मातीच्या भिंती, खाली शेणाने सारवलेली भुई. हे वर्णन ऐकून शेफाली डोळे मिटायची. काकू डोळे उघडे ठेवून पुढचं सांगायच्या. आठवड्याला एकदा सारवण. सणावाराला वेगळं. सुतक फिटलं की परत. पावसाळ्यात भुईला ओल आली, की पुन्हा उकरून, मुरूम टाकून, चोपून नवी करायची. पृथ्वीराजच्या वेळी आठवा महिना होता आणि घरात नणंदेचं लग्न, तेव्हा दोन्ही खोल्या आणि अंगण एका दिवसात. अशी बत्तीस वर्षं. नवरा, दीर, सासरा त्या ओल्या भुईवरून चपला घालून जायचे आणि वर म्हणायचे, प्रेमलाच्या हातासारखा हात पंचक्रोशीत नाही.

नवी इमारत झाली आणि फरशी बसली, त्या दुपारी काकू काही न अंथरता फरशीवर झोपल्या होत्या. हे मला त्यांनीच सांगितलं. लाजून नाही, एखाद्याने परदेशवारीबद्दल सांगावं तसं. तेव्हापासून त्या घरात चपला घालून कुणी येत नाही. कलेक्टर आला तरी येणार नाही.

तर अशा बाईला शेफालीने सहा वाट्यांपुढे बसवलं होतं. कारण सरांचं म्हणणं होतं, की पारंपरिक ज्ञान घरातच असतं, ते फक्त विचारून घ्यायचं. दर बैठकीला काकूंसाठी खुर्ची ठेवली जायची आणि फोन त्यांच्याकडे तोंड करून उभा केला जायचा, ज्ञान वाया जायला नको म्हणून. काकूंचं ज्ञान मात्र एकाच प्रश्नात मावायचं.

सर म्हणाले, छपराला कौलं घालू. काकू म्हणाल्या, घाला, दर पावसाच्या आधी वर चढून चाळणार कोण? सरांनी सांगितलं, कौलांच्या खाली स्लॅब असेल, गळायचा प्रश्न नाही. "मग वर कौलं कशाला?" यावर शेफालीने वाऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं. सर म्हणाले, भिंतीला आतून पांढऱ्या मातीचा हात. काकू म्हणाल्या, दर दिवाळीला देणार कोण? सर म्हणाले, लाकडी खांबांना जवसाचं तेल. काकूंनी पुन्हा तेच विचारलं. मला तो प्रश्न इतका आवडला की मी तो वहीत लिहून ठेवला. इतर कुणालाही तो प्रश्न वाटला नाही. पृथ्वीराज म्हणाला, आई जुन्या वळणाची आहे, तिला बदल पटकन पचत नाही. म्हणजे फरशी सोडून शेणाकडे जायचं याला बदल म्हणायचं आणि फरशी मागणारी बाई जुन्या वळणाची. मी बिस्किट खात होतो, म्हणून हसू दाबता आलं.

सगळ्यात अडलं ते भुईवर. शेफालीला खालच्या तिन्ही खोल्यांत सारवलेली भुई हवी होती. त्यांतली एक खोली काकूंची. काकूंनी एकदा साफ सांगितलं, की माझ्या खोलीत फरशी पाहिजे, बाकीच्यांनी चिखलात राहा नाहीतर चिखल खा. शेफाली म्हणाली, अहो आई, एकाच घरात दोन भाषा कशा बोलायच्या? घराला एकच भाषा पाहिजे. सरांनी तोडगा काढला: आधी नमुना करून बघू. प्लॉटवर वॉचमनच्या शेडशेजारी दहा बाय दहाची भुई करायची, आणि ती पाहून आईंचं मत बनेल. आईंचं मत बनून चाळीस वर्षं झाली होती, पण असो.

हे मागच्या मार्चातलं. त्या नमुन्याने मला जेवढं शिकवलं तेवढं तीन वर्षांच्या डिप्लोमाने शिकवलं नाही. पहिली अडचण चोपण्याची. चोपणं म्हणजे ओली भुई ठोकून घट्ट करायचं लाकडी बडवणं. गावात एकाकडेही नव्हतं. शेवटी ते सापडलं हायवेवरच्या एका मिसळीच्या हॉटेलात, भिंतीवर, बैलगाडीचं चाक आणि कंदील यांच्यामध्ये टांगलेलं. मॅनेजरने माझं आधार कार्ड ठेवून घेतलं आणि दोन दिवसांसाठी आमची संस्कृती आम्हाला उसनी दिली.

दुसरी अडचण शेणाची. या गावात एके काळी दीडशे गुरं होती म्हणे. आता तीन आहेत, तीही दुधाच्या पिशव्यांच्या जाहिरातीवर. पृथ्वीराजने फोनवरून बारा गोवऱ्यांचा खोका मागवला. खोका व्यवस्थित आला, आत फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोवऱ्या, वर लिहिलेलं, 'फक्त पूजेसाठी'. त्या त्याने निळ्या ड्रममध्ये दोन दिवस भिजत घातल्या. दुसऱ्या संध्याकाळी ड्रममध्ये जे दिसलं त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना, तेव्हा तो म्हणाला, ह्याला बाइंडिंग कमी आहे, आणि चार थाप्या सिमेंट टाकलं. मी साइटचा इंजिनियर म्हणून तिथे उभा होतो. माझं मत विचारलं असतं तर मीही सिमेंटच सुचवलं असतं. दोन शेणाच्या घरांत वाढलेले दोन पुरुष त्या ड्रममध्ये डोकावून पाहत होतो आणि दोघांनाही कळत नव्हतं, की शेण ताजं लागतं.

गवंड्याने ते लोखंडी थापीने पसरलं, रंध्याने, म्हणजे गिलावा घोटायच्या फळीने, साफ केलं. सकाळपर्यंत ते राखाडी झालं आणि त्याला वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. वास असा, की वॉचमनने खाट रस्त्यापलीकडे नेली. सरांनी फोटो पाहून कळवलं, की नैसर्गिक पोत फार छान उतरलाय.

काकू दहा वाजता आल्या. त्यांनी पायाच्या अंगठ्याने भुई खरवडली, एक खपली निघाली.

"ह्येला काय म्हनायचं?"

"सारवण," पृथ्वीराज म्हणाला.

"तुझी आजी असती तर तिनं तुला ह्येच्यातच पुरला असता."

एवढं बोलून त्या घरी गेल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चुकीचं काम पाहिलं की काकूंचा जीव खालीवर होतो. तो त्यांचा दोष आहे आणि त्याचा फायदा घेणारी माणसं त्यांच्या नशिबी पहिल्यापासून आहेत. त्यांनी पदर खोचला. पौडाकडे त्यांच्या भावाकडे एक गाय होती. पृथ्वीराजला तिकडे पिटाळलं, आणि 'शेतकरी' लिहिलेल्या गाडीतून, एसी चालू ठेवून, दोन बादल्या शेण आलं. तोवर काकूंनी ती राखाडी खपली माझ्याकडून उकरून घेतली, मुरूम ओला करून घेतला आणि चोपणं माझ्या हातात दिलं. पहिल्या दहा ठोक्यांत मी स्वतःचा पाय एकदा ठोकला. काकू म्हणाल्या, "इंजनेर, भुई खाली हाय."

खरं तर एवढ्यावर त्यांनी बाजूला बसून सांगायला हरकत नव्हती. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच त्यांना खाली बसायला मनाई केली होती. दोन्ही गुडघ्यांत झीज, बत्तीस वर्षं उकिडवं बसल्याची. पण शेफाली फोन घेऊन आली आणि म्हणाली, "आई, फक्त एकदा हात फिरवून दाखवा ना. एकच मिनिट."

काकूंनी गवंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आपल्या लेकाकडे पाहिलं. तिघांपैकी एकाकडूनही काही होण्यासारखं नव्हतं. मग त्या शेडच्या भिंतीला धरून सावकाश खाली बसल्या.

त्यानंतरच्या वीस मिनिटांची मला थट्टा करता येत नाही. ओंजळभर शेणकाला पुढ्यात ओतायचा आणि उजवा हात बाहेरून आत अर्धगोल फिरवायचा. पहिल्या गोलाच्या कडेला दुसरा, दुसऱ्याच्या कडेला तिसरा. कुठे जाड नाही, कुठे उघडं नाही. बसल्याबसल्या मागे सरकत जायचं. आमच्या घरी हे दर आठवड्याला चालायचं आणि मी अभ्यासाच्या नावाखाली ओट्यावर बसून पाय वर घ्यायचो. अर्धी भुई झाली तेव्हा काकू थांबल्या. उठता येईना. शेफालीने फोन बंद करून खिशात ठेवला होता. मी आणि पृथ्वीराजने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभं केलं, आणि पृथ्वीराजच्या खांद्याला धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. तो फोनवर कुणाला तरी दुसरी बस पाठवायला सांगत होता.

त्या एका मिनिटाचा व्हिडिओ शेफालीने बासरी लावून टाकला. पन्नास हजार लोकांनी पाहिला. ज्यांनी उभ्या जन्मात पायपुसण्याशिवाय काही झटकलं नसेल, अशांनी खाली लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. सर मला म्हणाले, बघ, ज्ञान हातात असतं. दुसऱ्या दिवशी मी चोपणं परत करायच्या आधी पृथ्वीराजच्या घरी गेलो, तर काकू भिंतीला धरून स्वयंपाकघरात चालल्या होत्या. मी पाहिलं आणि सरांना काही बोललो नाही. मला तेव्हा पगारवाढीचं आश्वासन मिळालेलं होतं.

व्हिडिओमुळे भुईचा प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरून चाललं. तिन्ही खोल्यांत सारवण नक्की झालं. सरांची साहित्याची यादी करायची एक पद्धत आहे. पहिल्या रकान्यात साहित्य, दुसऱ्यात कुठे वापरायचं, तिसऱ्यात 'निगा', म्हणजे ते पुढे कोण सांभाळणार. सर म्हणतात, नैसर्गिक घर जिवंत असतं, त्याची निगा आधीच ठरलेली बरी. शेफाली सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा टायपिंगची घाई होती.

नकाशे मंजुरीला टाकायचे तर मालकाची सही हवी. एका रविवारी सकाळी मी सहा प्रती आणि ती यादी घेऊन त्यांच्या घरी गेलो, चपला बाहेर काढून. हॉलमध्ये पृथ्वीराज आणि शेफाली सोफ्यावर, काकू खुर्चीत, भिंतीवर मच्छिंद्रराव फोटोत. पृथ्वीराजने पेन उघडून आईच्या हातात दिलं आणि कुठे कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.

काकूंनी पेन टेबलावर ठेवलं. "आदी वाचून दाव. ह्यांनी कंदी वाचून घेतलं न्हाई."

मी नकाशा समजावून सांगितला. मग यादी काढली. जोत्याला काळा दगड, निगा लागत नाही. भिंती मातीच्या, चुन्याचा गिलावा, निगा एजन्सी. छपराला कौलं, निगा एजन्सी. लाकडी खांब, तेलपाणी वर्षातून एकदा, निगा एजन्सी. वाळवीची फवारणी, एजन्सी. काकू प्रत्येकाला मान डोलवत होत्या. पुढची ओळ आली तेव्हा माझा आवाज आपोआप उतरला. तळमजल्याच्या तीन खोल्या, शेणाने सारवलेली भुई, आठवड्यातून एकदा. निगा: आई.

काकूंची मान थांबली.

"एजन्सी म्हंजी कोन रं?"

"पैसे घेऊन काम करणारी माणसं, काकू."

"आन आई म्हंजी?"

मी कागद सरळ करत बसलो.

पृथ्वीराज पुढे सरकला. म्हणाला, अगं, तू नुसतं लक्ष ठेवायचंस, कामाला बाई लावू. तुझ्यासारखा हात कुणाला आहे का? काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, मलाच विचारलं, किती बायांना विचारलंत? मी सांगितलं, सात. आणि काय म्हणाल्या? मी पृथ्वीराजकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता. खरं होतं ते सांगितलं: पाच जणी हसल्या. सहावीने विचारलं, घरात कुणी वारलंय का. सातवी यवतमाळकडची, माझ्याच भागातली, ती म्हणाली, दादा, ह्याच्यापायीच तर गाव सोडलं.

"शानी हाय," काकू म्हणाल्या. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "खाली बस."

"काय?"

"खाली बस. मांडी घालून न्हाई, उकिडवा. मी च्या पिऊस्तवर बसून दाव, मग सहाबी कागदांवर सही करते. भुईला माजंच नाव राहू दे."

पृथ्वीराजने हसून पाहिलं. काकू हसत नव्हत्या, म्हणून तो उठला. त्याची पँट ताठ कापडाची होती आणि पोट नव्या घरासारखंच नैसर्गिकरीत्या वाढलेलं. टाचा टेकेनात. त्याने टाचा उचलून तोल सांभाळला, सोफ्याला धरलं, काकूंनी बोटानेच खूण केली की सोफा सोड. काकू बशीत चहा ओतून घेत होत्या. घोटभर पिऊन त्यांनी बशी खाली ठेवली, फुंकर मारली, परत उचलली. एवढ्या सावकाश चहा पिणारं माणूस मी त्यानंतर पाहिलं नाही. दुसऱ्या बशीला पृथ्वीराज मागे कलंडला आणि हाताला लागलेल्या टीपॉयसकट बसला. फोटोतले मच्छिंद्रराव सोडता सगळे त्याच्याकडे पाहत होते.

तेव्हा शेफालीने चूक केली. नवऱ्याची फजिती सावरायला म्हणून असेल, किंवा खरोखरच तिला ते सोपं वाटलं म्हणून असेल, ती म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं?" आणि झटकन खाली बसली. टाचा टेकलेल्या, पाठ ताठ, हात छातीशी जोडलेले. चार वर्षं बाणेरला योगाच्या क्लासला जाते ती. अर्धा तासही बसली असती.

काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर पहिल्यांदाच कौतुक होतं, अगदी खरं.

"हिला झ्याक जमतंय की. इंजनेर, माजं नाव खोड. हिचं लिव."

मी पेन उचललं. 'आई' वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: शेफाली. शंका नको म्हणून पुढे 'आठवड्यातून एकदा' हेही पुन्हा लिहिलं, तेवढा आगाऊपणा मला परवडण्यासारखा होता. कागद तिच्यापुढे धरला. ती अजून तशीच बसलेली होती. तिने आपलं नाव वाचलं. मग डावीकडे सरकत तीन खोल्या वाचल्या, मग शेण वाचलं. हे सगळं गेले चार महिने तिच्याच तोंडून मी ऐकत आलो होतो, पण ती ते पहिल्यांदाच वाचतेय असं वाटलं.

ती उठली, कुर्ता सारखा केला.

"ॲक्च्युअली," ती म्हणाली, "आपण एकदा टाइल्सचे ऑप्शन बघायला काय हरकत आहे?"

पृथ्वीराज जमिनीवरूनच म्हणाला, की तो पहिल्यापासून हेच सांगत होता.

काकूंनी लगेच सही केली नाही. आधी माझ्याकडून 'सारवण' खोडून तिथे 'फरशी' लिहून घेतलं, त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या, मग यादी स्वतःकडे ओढून निगेच्या रकान्यात उरलेलं शेफालीचं नावही खोडायला लावलं. त्यानंतर एकेक अक्षर जुळवत सहा ठिकाणी आपलं नाव लिहिलं. मच्छिंद्ररावांना एवढा वेळ सात एकर घालवायलाही लागला नसेल. सरांना मी जिन्यातूनच फोन केला. ते म्हणाले की परंपरेचं हेच तर सौंदर्य आहे, ती लवचिक असते. फी ठरलेली होती.

फरशी निवडायला काकू आग्रहाने माझ्यासोबत आल्या, स्वारगेटजवळच्या एका मोठ्या दुकानात. शेफालीही होती. दुकानदाराने, मातीचं घर आहे कळल्यावर, खास माल काढला: खरखरीत, तपकिरी, वर अर्धगोल हात फिरवल्यासारखी नक्षी. हुबेहूब सारवलेली भुई, कारखान्यातून आलेली. शेफालीचे डोळे भरून आले. काकूंनी बोट फिरवून पाहिलं.

"पैसं दिऊन शेनाचा फोटू," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या स्टँडकडे चालू लागल्या.

त्यांनी निवडलेली फरशी पांढरीशुभ्र, आरशासारखी, मधून सोनेरी शिरा. एखाद्या विमानतळाच्या स्वच्छतागृहाला फार शोभली असती. पण त्या विमानात कधी बसलेल्या नाहीत. शेफालीने दबक्या आवाजात निदान मॅट फिनिशची तरी विनंती केली. काकूंनी विचारलं, मॅट म्हंजी काय? दुकानदार म्हणाला, चमक नसलेली. काकू म्हणाल्या, मग ती ज्यांच्या घरात लई चमक झालीया त्यांना द्या.

घर यंदाच्या जानेवारीत झालं. बाहेरून अगदी जुनं दिसतं, म्हणजे नवंकोरं जुनं. काळ्या दगडाचं जोतं, मातीच्या भिंती, स्लॅबवर कौलं. आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. शेफाली भिंतीला हात लावून शांत होते, तेव्हा तिला खाली बघायचं नाही हे लक्षात ठेवावं लागतं.

फेब्रुवारीत एका मासिकाचा फोटोग्राफर आला. सर स्वतः आले होते, खादीच्या कुर्त्यात. फरशीने सगळाच घोळ केला. कुठल्याही कोनातून कॅमेऱ्यात चमकायची, वर फोटोग्राफरच तिच्यात दिसायचा. शेवटी सरांनी शेफालीला गोधड्या आणि चटया मागवायला लावल्या. तिन्ही खोल्यांत इथून तिथून पसरल्या, फरशीचा नखाएवढा तुकडा उघडा ठेवला नाही. सर दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, आता घर एका भाषेत बोलतंय.

काकू देवळातून आल्या. उंबऱ्यात चपला काढल्या आणि आत पाहिलं. पहिली गोधडी पायाने सरकवली, टोक वर आल्यावर हाताने धरली आणि गुंडाळली. मग दुसरी. मी उठलो आणि चटया गोळा करू लागलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी चटईकडे पाहिलं. शेवटची गोधडी पलंगावर टाकून काकू खोलीच्या मधोमध, त्या चकाकणाऱ्या फरशीवर, अनवाणी उभ्या राहिल्या. पदर नीट केला.

"हां," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या, "आता काढ. पायाखालचं समदं आलं पायजे."